क्लिओथाची पाठ

क्लिओथा पेटिग्रूची पाठ सगळ्या मेम्फिसने बघितली आहे. तोंड बघितलंय ते फक्त आम्ही, ऑरेंज माउंड या काळ्यांच्या वस्तीतल्या लोकांनी. म्हणून त्या चॅनलचं नाव कुणी काढलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लोक म्हणतात, व्हर्डीन, झालं गेलं, सोड आता. सोडते बरं! तुमच्या घरातलं माणूस असं चव्हाट्यावर टांगलं असतं ना, मग विचारलं असतं तुम्हाला.

शाळेच्या समोरच्या कोपऱ्यावर माझं बायकांचं पार्लर आहे. खुर्च्या, ड्रायर, आणि वर फळीवर टीव्ही. टीव्ही दिवसभर चालू, बायकांची तोंडं त्याच्याहून जास्त. खिडकीतून शाळेचं फाटक सरळ समोर दिसतं, त्यामुळे कुणाचं पोर कुणी आणून सोडलं हे मला कुणी सांगावं लागत नाही.

क्लिओथा माझ्या शेजारच्या घरात राहायचा. विमानतळावर रात्रपाळीला होता. विमानातून पार्सलं उतरवायची, दुसऱ्या विमानात चढवायची, रात्रभर हेच. अंगाने हा एवढा, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि बोलणं मात्र मोजून मापून. आमच्या चर्चमधल्या पुरुषांच्या गायकवृंदात खालचा सूर त्याचा. त्याची लेक जेरिका तेव्हा आठ वर्षांची. रात्री ती माझ्याकडे झोपायची. सकाळी तो कामावरून थेट माझ्या दारात, तिला उठवायचं, ओट्याशी उभं राहून तिला अंडं आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, करून घालायची, आणि हात धरून शाळेत. परत घरी जाऊन झोपायचा, दुपारी शाळा सुटायच्या आधी पुन्हा फाटकाशी हजर. एक शनिवार आड तिचे केस करायला माझ्याकडे यायचा आणि ती खुर्चीत बसली की हा रिकाम्या ड्रायरखाली डोकं घालून घोरायचा. बायका त्याच्या तोंडासमोर हसायच्या, त्याला पत्ता नसायचा.

जेरिकाची आई रोलांडा. तिचं आणि क्लिओथाचं लग्न ठरलं होतं, ठरलेलंच राहिलं. किडनी गेली आणि पाठोपाठ तीही गेली. दफनाच्या दिवशी तिची आई, मदर स्ट्राऊड, मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्जहून आली होती. तिच्या चर्चमधली सगळ्यात मानाची म्हातारी, म्हणून सगळे मदर म्हणायचे. ती ताठ उभी राहून म्हणाली, "पोर माझ्याकडे दे. बिनबाईच्या घरात मुलगी वाढत नसते." क्लिओथाने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "मला दोन वर्षं द्या, मदर. दुसऱ्या फादर्स डेला या. तुम्हाला वाटलं मला जमत नाही, तर घेऊन जा. मी आडवा येणार नाही." कुणी मागितला नव्हता, तरी शब्द देऊन बसला. शब्द दिला की हा माणूस मागे हटायचा नाही, हीच तर मोठी खोड होती त्याची.

आता ऐका, चॅनलने काय केलं ते. चौऱ्याण्णव साल. जून महिना, त्या मुदतीच्या फादर्स डेच्या आधीचा सोमवार. माझ्या खुर्चीत झेनोबिया, मागे वाकून बेसिनमध्ये डोकं, सगळा शांपूचा फेस. टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या. आणि ती गोड गोड आवाजाची बाई म्हणाली, आजपासून आमची खास मालिका, कुठे आहेत बाप? मागे रडकं संगीत. या वस्त्यांतली मुलं बापाविना वाढतायत, बाप पोरं जन्माला घालतात आणि चालते होतात, वगैरे वगैरे. आणि पडद्यावर काय? आमच्या शाळेचं फाटक. आणि फाटकापासून लांब लांब जाणारी एक रुंद पाठ. गडद लाल साटिनचं जाकीट, त्यावर सोनेरी अक्षरं, न्यू गिलियड चर्च, पुरुष गायकवृंद. थंडीच्या दिवसांत कामावरून येताना तो हेच घालायचा. चाल मुद्दाम मंद केलेली. माणूस खांदे पाडून जातोय, जातोय, जातोय.

झेनोबिया फेसासकट उठून बसली. "अगं बाई! हा तर आपला क्लिओथा!"

"अहो, तो घरी झोपायला चाललाय!" मी टीव्हीवर ओरडले. "रात्रभर राबून चाललाय झोपायला! लेकीला सोडून... म्हणजे शाळेत सोडून चाललाय!"

टीव्हीला काय, बहिऱ्यापुढे गाऱ्हाणं.

मी चॅनलला फोन लावला. कितीतरी वेळ गाणं ऐकवलं, मग एक तरणा पोरगा आला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, "बाई, त्या दृश्यात चेहरा दिसतो का?"

"नाही दिसत. पाठ दिसते."

"मग तो कुणीच नाही ना. आम्ही कुणाची बदनामी केलेली नाही. ते नुसतं नमुन्यादाखल आहे."

"कुणीच नाही?" मी म्हटलं. "अरे, त्याच्या पाठीवर त्याच्या चर्चचं नाव आहे, ते तरी वाचता येतं का तुला?" त्याने फोन ठेवला. किंवा मी आपटला, आता आठवत नाही.

तोच फोन वाजला. हॉली स्प्रिंग्जहून. मेम्फिसचे चॅनल तिकडेही दिसतात ही गोष्ट मी विसरलेच होते.

"व्हर्डीन," मदर स्ट्राऊड म्हणाली, "मी बघितलं. रविवारी येते. पोरीचे कपडे धुऊन ठेव."

"मदर, ते सगळं खोटं आहे. तो तिला सोडायला..."

"पाठ त्याचीच होती ना?"

"त्याचीच, पण..."

"रात्री पोर तुझ्याकडे झोपते. सकाळी हा तिला शाळेत ढकलतो आणि चालता होतो. मग टीव्हीवाल्यांनी खोटं काय सांगितलं, मला सांग बघू."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. खरंच, खोटं कुठलं दाखवावं? जाकीट खरं, फाटक खरं, चालणं खरं. सगळं खरं घेऊन हलकटांनी खोटं शिजवलं होतं.

क्लिओथा चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेरिकाला न्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. कामावर जेवणाच्या खोलीत टीव्ही असतो, त्यावर पुन्हा दाखवलं होतं.

"मिस व्हर्डीन," तो म्हणाला, "खरं सांगू? आधी मला ओळखूच आलं नाही. मी खात होतो. वर बघितलं आणि मनात म्हटलं, बघा हा निलाजरा, चालला पोरं टाकून. मग जाकिटावरची अक्षरं वाचली."

"मूर्खा, तू तिथे काय करत होतास ते तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. तरी तसंच वाटलं." तो हाताने मानेमागे चोळत राहिला. "माझा बाप कचऱ्याची गाडी चालवायचा. अंधार पडायच्या आत घरात. आयुष्यात एकदाही चुकला नाही. मी असल्या बापाचा मुलगा, आणि मला तसं वाटलं. मग बाकीच्यांना काय वाटेल?"

त्या आठवड्यात तो झोपलाच नाही. दुपारी बघावं तर घराच्या पायरीवर बसलेला, नाहीतर उगाच रस्त्यावर येरझाऱ्या घालणारा. एकदा मी त्याला माझ्याच दुकानाच्या काचेसमोर पकडलं. मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत होता. मला विचारतो, "मी असाच चालतो का हो? पळून चालल्यासारखा?" मला रडूच कोसळलं असतं, म्हणून मी त्याला शिव्या घातल्या.

शाळेला सुट्टी लागली होती, पण वाचनाचे उन्हाळी वर्ग सकाळी भरायचे आणि जेरिका त्यात होती. तिथल्या नव्या बाईंनी मुलांना फादर्स डेची कार्डं करायला बसवलं. जेरिकाजवळ येऊन, खांद्यावर मायेने हात ठेवून म्हणाल्या, "तू काकांसाठी किंवा आजोबांसाठी केलंस तरी चालेल हं, बाळ." बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. टीव्ही बघत होत्या, इतकंच. आणि मागच्या बाकावरचा एक कार्टा म्हणाला, "हिचा बाप टीव्हीवर पळून गेला." सगळा वर्ग हसला.

जेरिकाने कार्डावर बापाचं चित्र काढलं. त्या चित्रात तोंड पुढेही होतं आणि डोक्याच्या मागेही. मागच्या तोंडाला दोन डोळे, मिशी, हसणारे दात, सगळं. ते मला दाखवून म्हणाली, "आता कुठूनही फोटो काढला तरी डॅडीच दिसेल." आणि त्याच संध्याकाळी तिने क्लिओथाला हुकूम सोडला.

"डॅडी, उद्यापासून शाळेत मला पाठ दाखवायची नाही."

"अगं मग परत जाऊ कसा?"

"उलटा."

मला वाटलं, हसून विसरून जाईल. कसला जातोय! बुधवारी सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होते, तर समोरच्या फुटपाथवरून क्लिओथा पेटिग्रू, हा दरवाजाएवढा माणूस, तोंड फाटकाकडे करून उलट्या पावली येतोय. फाटकात जेरिका, गाडी मागे घेताना मदत करणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात वर. "डावीकडे डॅडी! अजून डावीकडे! खांब! खांब!" खांब चुकला, कचऱ्याचा डबा नाही चुकला. डब्यासकट आडवा झाला, उठला, पँट झटकली आणि पुन्हा उलटाच निघाला. शेवटच्या वळणावर हात हलवला, मग दिसेनासा झाला.

झालं! वस्तीला फुकटचा तमाशा मिळाला. समोरच्या सलूनचा बुकर दारात येऊन ओरडायचा, "काय रे क्लिओथा, रिव्हर्स गिअर अडकला का?" दुसरा म्हणायचा, "कामावरही असाच जातोस का? मग उद्या पोचशील!" पोरं त्याच्या बाजूने उलटी चालून बघायची. क्लिओथा हसायचाही नाही, चिडायचाही नाही. नजर फाटकावर, कान लेकीकडे.

मी त्याला गाठलं. "शोभतं का रे हे? तुला झोप नाही, एखाद दिवशी गाडीखाली जाशील. लोक हसतात."

"हसू दे हो, मिस व्हर्डीन. दोन दिवस वर्गात जाताना रडली नाही ती. मला एवढंच पुरे."

गुरुवारी मी आमच्या चर्चच्या पास्टर टगल यांच्याकडे गेले. म्हटलं, "पास्टर, रविवारी व्यासपीठावरून दोन वाक्यं बोला. एवढंच म्हणा की टीव्हीवरचा तो माणूस आमचा आहे, आणि तो कुठेही गेलेला नाही. मदर स्ट्राऊड पुढच्या बाकावर असणार. तुमचा शब्द ती मानेल. नाहीतर पोर जाईल हो हातची!"

पास्टर टेबलावर बोटं वाजवत बसले. "सिस्टर व्हर्डीन, जाकिटावर आपल्या चर्चचं नाव दिसलंय. लोक मला विचारतायत. ब्रदर पेटिग्रूंना म्हणावं, या रविवारी ते जाकीट घालू नका."

"आणि ते दोन शब्द?"

"बघू. पण खरं सांगायचं तर संदेश काही चुकीचा नाही ना? बाप सोडून जातात, हे तर आपणही म्हणतो."

"जे जातात त्यांना म्हणा ना! जो गेला नाही त्याच्या पाठीवर कशाला लिहिता?"

पास्टर म्हणाले, माझ्यासाठी ते प्रार्थना करतील. मी म्हटलं, करा, मला गरज पडणारच आहे, कारण माझ्या तोंडात आत्ता काय आलंय ते देवालाच ठाऊक.

आता आमच्या चर्चची रीत सांगते. मदर्स डेला काय थाट! प्रत्येक आईच्या छातीवर फूल, खाली तळघरातल्या हॉलमध्ये लेसचे टेबलक्लॉथ, पुरुष ताटं वाढणार, आणि पास्टर आईच्या मायेवर असं बोलणार की रुमाल भिजले पाहिजेत. फादर्स डेला बापांना मोजे मिळतात. मासे तळायचे तेही त्यांनीच, मागच्या अंगणात, स्वतःच्या सणाला. आणि प्रवचनात शिव्या. दर वर्षी. तुम्ही जबाबदारी घेत नाही, तुम्ही पळता, तुम्ही पोरांना रस्त्यावर सोडता. ऐकतं कोण? जे आले आहेत ते! जे पळाले ते कुठे येतात ऐकायला? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ते संन्यासी माना खाली घालून "आमेन, आमेन" म्हणत बसतात.

रविवारी मदर स्ट्राऊड आली. पांढरा पोशाख, पांढरी हॅट, भाच्याची गाडी, आणि गाडीत एक निळी रिकामी सूटकेस. ती कुणाच्या कपड्यांसाठी, ते मला कळलं. जेरिकाला शेजारी घेऊन ती पुढच्या बाकावर बसली.

क्लिओथाने जाकीट घातलंच होतं. जून महिन्याच्या उकाड्यात साटिनचं जाकीट! रोलांडाने तिच्या शेवटच्या ख्रिसमसला घेऊन दिलं होतं ते. पुरुषांनी गाणी म्हटली आणि पास्टरच्या मागे खुर्च्यांवर बसले. पास्टर उभे राहिले. मी हात जोडले, आता बोलतील, आता बोलतील.

पास्टरनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गरजले, "कुठे आहेत बाप?"

हेच शब्द! टीव्हीवरच्या त्या बाईचे, जसेच्या तसे! मग तासभर तेच दळण. "आपल्या बापांनी पोरांना काय दिलं? पाठ दिली! पाठ दाखवली आणि चालते झाले!"

"आमेन!" मागून सगळे पुरुष म्हणाले. आणि त्या सगळ्यांच्या खालून, विहिरीतून आल्यासारखा तो एक आवाज, "आमेन."

क्लिओथाचा. लहानपणापासूनची सवय हो. आमच्या चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडून झोपेत घोरणं निघतं तसं आमेन निघतं. त्याला कळलंही नसेल. पण मदर स्ट्राऊडची हॅट हळूच वर झाली आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

खाली हॉलमध्ये जेवणं सुरू झाली. तळलेला कॅटफिश, बार्बेक्यू सॉसमधली स्पगेटी, कोबी. मी मदर स्ट्राऊडसाठी ताट घेऊन गेले. तिने ते बाजूला सारलं.

"तो स्वतःच आमेन म्हणाला," ती म्हणाली. "मी माझ्या कानांनी ऐकलं."

"मदर, इथे पास्टर म्हणाले ना की पंखा बिघडलाय, तरी आमेन म्हणतात!"

"म्हणत असतील. मी माझ्या पोरीच्या पोरीचं बघते आहे." आणि तिने क्लिओथाला हाक मारली. तो हातात माशांचा झारा घेऊन आला, कपाळावरून घाम गळत होता. "क्लिओथा, दोन वर्षं झाली."

"हो, मदर."

"काय म्हणणं आहे तुझं?"

बोल ना, माझ्या राजा, बोल! मी मनातल्या मनात त्याला ढोसत होते. सांग रात्रपाळीचं, सांग अंड्याचं आणि ग्रिट्सचं, सांग त्या उलट्या चालण्याचं. पण आठवडाभर सगळ्यांनी मिळून त्या माणसाच्या डोक्यात जे भरलं होतं ते आता पुरतं मुरलं होतं. त्याने झारा खाली धरला. "सगळेच म्हणतात, तर काहीतरी असेल. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मदर. मी शब्द दिलाय."

मला वाटलं, तो झारा घ्यावा आणि त्याच्याच डोक्यात घालावा. जेरिका तिथेच उभी होती, हातात माशाची प्लेट. तिने प्लेट टेबलावर ठेवली आणि बापाकडे बघितलं.

"उद्या सकाळचा वर्ग होऊ दे तिचा," मदर स्ट्राऊड म्हणाली. "दुपारी निघू."

म्हातारी माझ्याकडे मुक्कामाला होती. सोमवारी सकाळी म्हणाली, प्रवासाला निघण्याआधी केस करून दे. क्लिओथाला कामावर उशीर झाला होता, तेव्हा तो येईपर्यंत जेरिका कपडे घालून दारात बसून राहिली. तो आला, तिला घेऊन गेला. मी आणि मदर दुकानात आलो. मी केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापवला. तिचे केस अर्धे सरळ करून झाले, अर्धे अजून ताठ उभे. एकदा तिच्या कानाला चटका बसला. ती ओरडली नाही. मला वाटतं, तीही त्या रात्री झोपली नव्हती.

ती आरशात बघत होती. आरशात खिडकी, खिडकीत रस्ता.

"तो गाढव काय करतोय?" ती म्हणाली.

मी वळून बघितलं. क्लिओथा. उलटा. जेरिका फाटकात, हात वर. "उजवीकडे डॅडी! जपून, खड्डा आहे!"

मग मात्र मी कंगवा ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या बाईंचं कार्ड, तो वर्गातला कार्टा, दोन तोंडांचं चित्र, कचऱ्याचा डबा, बुकरचे टोमणे. एका दमात. शेवटी म्हटलं, "टीव्हीवाल्यांना त्याची पाठ दिसली, मदर. तुम्हालाही तीच दिसली. पोरीला भीती बसली की पाठ फिरली म्हणजे बाप गेला. म्हणून हा माणूस आठवडाभर असं स्वतःचं हसं करून घेतोय."

मदर स्ट्राऊडने गळ्यातला टॉवेल ओढून काढला आणि उठली. "अहो, केस!" मी ओरडले. अर्धं डोकं चकचकीत सरळ, अर्धं झाडूसारखं उभं, आणि जिच्या हॅटवरची पिसंही कधी कुणी वाकडी बघितली नव्हती अशी ही बाई रस्त्यात उतरली. बुकर सलूनच्या दारात तोंड उघडून बघत राहिला. ती सरळ जाऊन क्लिओथाच्या मागे फुटपाथवर उभी राहिली.

"डॅडी, मागे आजी! आजी! ब्रेक!"

ब्रेक कुठला लागतोय. तो जाऊन तिच्यावर आदळलाच. तिने दोन्ही हातांनी त्याची पाठ धरली म्हणून दोघं पडली नाहीत. त्याची पाठ तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली असेल. कामाचा शर्ट घामाने चिकटलेला, वजन उचलताना बांधतात तो कमरेचा पट्टा अजून सोडलेला नाही.

मी धावत जाऊन पोचले होते. म्हातारी म्हणाली, "हे काय चालवलंयस?"

"पाठ बघितली की तिला भीती वाटते, मदर." तो अजूनही फाटकाकडेच तोंड करून उभा होता.

"पण आज तर मी तिला घेऊन चाललेय. मग आज कशाला उलटा चालतोस?"

"आज शेवटचा दिवस आहे," तो म्हणाला. "म्हटलं, तोंड नीट लक्षात राहू दे तिच्या."

मदर स्ट्राऊडचे हात त्याच्या पाठीवरच होते. मग तिने मान वर केली आणि तिच्या चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला.

"जेरिका! वर्गात जा!"

"आणि डॅडी?"

"डॅडी घरी झोपायला चाललाय. रात्रभर काम केलंय त्याने. दुपारी तुला घ्यायला येईल."

"आणि तू?"

"मी दुपारी जाते माझ्या घरी. सूटकेस हलकीच आहे, मला उचलेल." मग ती क्लिओथाला म्हणाली, "आता वळ, बाबा. सरळ चाल. एखाद दिवशी डोकं फोडून घेशील, मग पोरीला खरंच बाप उरायचा नाही."

पण तो वळेना. त्याचं लक्ष फाटकाकडे. जेरिका तिथे बराच वेळ उभी राहिली, विचार करत. मग तिने दोन्ही हात खाली घेतले आणि एकच हात हलवला, जा असा. तेव्हा कुठे तो वळला.

आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून त्याची पाठ बघत राहिलो. थकलेला माणूस जसा चालतो तसा तो चालत होता, बाकी काही नाही. वळणापर्यंत गेला, वळला. मदर स्ट्राऊड म्हणाली, "असा चालतो होय." आणि मग, "चल, उरलेलं डोकं करून दे."

त्या चॅनलने माफी मागितली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार भोळे आहात. पास्टर टगल यांनी पुढच्या रविवारी मोघम काहीतरी म्हटलं, काही बाप चांगलेही असतात, असं. लोक म्हणाले, आमेन. जेरिका शाळेच्या वाटेवर कधी कधी मध्येच बापाचा शर्ट धरून ठेवायची, का ते सांगायची नाही. असल्या गोष्टी एका सकाळीत जात नसतात.

आणि दुसऱ्या वर्षी जून आला. मी दुकान आवरत होते. फोन वाजला, हॉली स्प्रिंग्जहून.

"व्हर्डीन, टीव्ही लाव लवकर. आपला क्लिओथा दाखवतायत."

मी लावला. तीच पाठ, तेच फाटक, तेच लाल जाकीट. वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा काढली होती मेल्यांनी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी वाईट बोलणार होते, तर पलीकडून म्हातारी म्हणाली, "थकलेला दिसतोय गं. सकाळी कामावरून आल्यावर तो स्वतः काही खातो का, की सगळं पोरीलाच घालतो?"

"खातो, मदर," मी म्हटलं. "पण ती बाई काय बरळतेय ते ऐकताय ना तुम्ही?"

"नाही," मदर स्ट्राऊड म्हणाली. "आवाज बंद केलाय मी. थांब जरा, तो वळणापर्यंत पोचू दे."